मूल अठराचं झालं, आता सही कुणाची? सीमाभागातल्या पालकांसाठी

माऊलीला अठरा पूर्ण झाली, त्याच्या पुढच्याच महिन्यात मी त्याचा पगार काढायला बँकेत गेले. (आमच्या बेळगाव भागात अपंगांच्या मासाशनाला, म्हणजे सरकारच्या मासिक पेन्शनला, सगळे पगारच म्हणतात.) खिडकीतल्या बाईंनी पासबुक चाळलं आणि म्हणाल्या, "अक्का, आता तुमची सही चालत नाही. ह्याचीच लागतंय बघा." ह्याला सही येत नाही, म्हटलं. "मग अंगठा." सेरेब्रल पाल्सीमुळे माऊलीची मूठ कायम वळलेली. मी एकेक बोट सोडवून मशीनच्या काचेवर धरायची, ते पुन्हा मिटायचं. तिसऱ्या वेळी तो हसायला लागला, त्याला तो खेळ वाटला. मागे रांग वाढत होती. त्या दिवशी पैसे मिळाले नाहीत आणि पुढचे चार महिनेही नाहीत.

त्या चार महिन्यांत आणि नंतरच्या चार वर्षांत जे कळलं, ते इथे क्रमाने लिहिते. मी वकील नाही, खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली आई आहे.

पहिली गोष्ट मनात पक्की करा. मुलगा किंवा मुलगी अठरा वर्षं पूर्ण करते, त्या दिवशी आईवडिलांचं नैसर्गिक पालकत्व संपतं. अपंगत्व नव्वद टक्के असलं तरी संपतं. दाखल्यावर आईचं नाव आहे म्हणून आईची सही पुढे चालत नाही. १८७५ च्या सज्ञानता कायद्यापुढे आपला मुलगा आणि शेजारचा कॉलेजला जाणारा मुलगा सारखेच सज्ञान. हे ऐकून मी चिडले होते. आता वाटतं, कायद्याचं चुकीचं नाही. आपण तयारीत नसतो.

पालकत्व खरंच लागतं का?

हा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत. कुणीतरी सांगतं "लीगल गार्डियनचं करून घे," आणि आपण धावतो. पण मूल अंध असेल, कर्णबधिर असेल, पायाने अधू असेल आणि त्याला व्यवहार कळत असेल, तर कायदेशीर पालक नेमण्याचं कारणच नाही. त्याचं खातं तो चालवेल. लिहिता येत नसेल तर अंगठा देईल, हवा तर मदतनीस घेईल. २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्यातलं तेरावं कलम सांगतं, की अपंग व्यक्तीची कायदेशीर क्षमता इतर सगळ्यांसारखीच आहे. बोलता येत नाही म्हणजे कळत नाही, असं धरून चालणारी माणसं आपल्याच घरात जास्त असतात.

कायदेशीर पालकत्वाची सोपी वाट १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात आहे आणि ती चार गटांपुरती आहे: ऑटिझम म्हणजे स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व (कायद्यात अजून मतिमंदत्व हा जुनाच शब्द आहे) आणि बहुविकलांगता. या चार गटांतल्या अठरा पूर्ण केलेल्या माणसासाठी जिल्हा पातळीवर स्थानिक स्तर समिती पालक नेमते. कोर्टाची पायरी चढावी लागत नाही.

स्किझोफ्रेनियासारखा मानसिक आजार असेल तर ही वाट बंद आहे. तिथे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा लागतो. त्यात आजारी माणूस, तब्येत बरी असताना, उपचारांच्या बाबतीत आपला प्रतिनिधी स्वतः लेखी नेमू शकतो. तेव्हाच करून घ्या. बिघडल्यावर कागद होत नाहीत.

या सगळ्याशिवाय २०१६ च्या कायद्यातल्या चौदाव्या कलमात मर्यादित पालकत्व आहे. ते ठरावीक निर्णयासाठी, ठरावीक मुदतीसाठी असतं, आणि निर्णय पालकाने मुलासोबत, मुलाच्या इच्छेप्रमाणे घ्यायचा असतो. ज्यांची मुलं बरंचसं समजतात आणि एखाद्याच व्यवहारात अडकतात, त्यांनी याचा आधी विचार करावा.

मी एक काम केलं ते तुम्हीही करा. पंधरा दिवस एका वहीत लिहा, दिवसभरात मुलाने स्वतः काय ठरवलं. माऊलीच्या वहीत निघालं: कोणता शर्ट घालायचा, भात आधी की भाकरी, कुणाच्या शेजारी बसायचं, कुणी हात लावलेला चालतो आणि कुणी नाही. जे त्याच्याकडून झालं नाही त्यात पैसे मोजणं, औषधाची वेळ आणि कागद हे तीनच रकाने निघाले. पालकत्व आम्ही त्या तीन रकान्यांसाठी मागितलं. ही वही पुढे समितीपुढेही कामाला आली.

सतरा लागलं की कागद बाहेर काढा

सगळ्यात जास्त वेळ नावात जातो. आपल्याकडे मराठी शाळेचा दाखला मराठीत, जन्माची नोंद कन्नडमध्ये, आधार कन्नड आणि इंग्रजीत. ज्ञानेश्वर हे नाव मराठी माणूस इंग्रजीत 'डी' अक्षराने सुरू करतो. तेच नाव कन्नडमधून इंग्रजीत उतरलं की 'जे' अक्षराने सुरू होतं. झाली दोन माणसं! आमच्याकडे दाखल्यावर एक, आधारवर दुसरा आणि रेशन कार्डावर नुसताच माऊली. यातला कोणता कागद प्रमाण धरायचा ते आधी ठरवा (जन्मदाखला धरणं उत्तम), बाकीचे त्याप्रमाणे दुरुस्त करा आणि दुरुस्ती होईपर्यंत "ही सर्व नावं एकाच व्यक्तीची" असं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून ठेवा. याला दोन-तीन महिने सहज जातात. म्हणून सतरा म्हणते.

अपंगत्वाचा दाखला बघा. बौद्धिक अपंगत्वाच्या दाखल्याचं नूतनीकरण पाचव्या, दहाव्या आणि अठराव्या वर्षी करायचं असतं, आणि अठराव्या वर्षी मिळालेला दाखला जन्मभर चालतो. तेव्हा लहानपणीच्या दाखल्यावर अर्ज करू नका, नवा घ्या. युडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगांचं ओळखपत्र, सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवरून निघतं. ते देशभर चालतं, त्यामुळे कोल्हापूरच्या दवाखान्यात दाखवायलाही तेच. तपासणीला जाताना मुलाच्या जुन्या फायली, शाळेचा अहवाल, फिट येत असतील तर त्याची कागदपत्रं सोबत ठेवा. पाच मिनिटांत डॉक्टरांना आपलं मूल कळणार नसतं.

पंधरा वर्षांनंतरचं आधारचं बोटांचं आणि डोळ्यांचं अपडेट राहिलं असेल तर आत्ताच उरका. बोटं उमटत नसतील किंवा डोळे स्थिर राहत नसतील तर बायोमेट्रिक अपवाद म्हणून नोंद करता येते. केंद्रावरच्या पोराला हे माहीत नसतं. "होत नाही" म्हणून परत पाठवलं तर हलू नका, अपवादाची नोंद करा म्हणून सांगा. मी ते सतराव्या वर्षी केलं असतं तर बँकेतला तमाशा टळला असता. लहानपणी काढलेलं पॅन कार्ड असेल तर त्यावर फोटो आणि सही नसते, तेही अठरा झाल्यावर बदलून घ्या.

आणि ग्रामपंचायतीत व्हीआरडब्ल्यू कोण ते शोधा. कर्नाटकात गावोगावी हे ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ते आहेत, तालुक्याला त्यांच्यावर एमआरडब्ल्यू. बहुतेक वेळा ते स्वतः अपंग असतात, कुठल्या खिडकीवर कोणता कागद लागतो हे त्यांना तोंडपाठ असतं आणि कन्नड अर्जाची अडचण तेच सोडवतात. चार महिने मी उगाच एजंटाच्या मागे फिरले. माणूस आमच्याच पंचायतीत बसत होता.

समितीकडे अर्ज

स्थानिक स्तर समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी (आमच्याकडे त्यांना डीसी म्हणतात). त्यांच्यासोबत नॅशनल ट्रस्टकडे नोंदणी असलेल्या संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती, अशी तिघांची समिती. मूल ज्या जिल्ह्यात राहतं तिथलीच समिती धरायची. म्हणजे निपाणी, चिकोडी, खानापूर, अथणी, सगळ्यांना बेळगाव. चौकशी डीसी ऑफिसच्या टपालात न करता जिल्हा अपंग कल्याण अधिकाऱ्यांकडे करा, फाइल तिथूनच हलते.

सीमाभागातला म्हणून एक प्रश्न मला नेहमी विचारतात, की महाराष्ट्रातून काढलं तर चालेल का? सीमाप्रश्न सुटेल तेव्हा सुटेल, पण हा कायदा केंद्राचा आहे. बेळगावात आणि कोल्हापुरात तो एकच. पत्ता चंदगडच्या माहेरचा दाखवून तिकडून काढलेला कागद नंतर इथल्या पगाराला आडवा येतो. राहता तिथूनच काढा.

अर्जाचा नमुना 'ए'. तो इंग्रजीत भरता येतो. सोबत मुलाचा जन्मदाखला, अपंगत्वाचा दाखला, रहिवासाचा पुरावा, पालक होणाऱ्याचे कागद, फोटो, आणि पालक होण्यास तयार असल्याची संमती. आईवडील दोघे असतील तर दोघांनी मिळून अर्ज करायचा. जोडीदार वारला असेल, घटस्फोट झाला असेल, टाकून गेला असेल तर एकट्या आईला किंवा बापाला करता येतो, मात्र त्याचा पुरावा जोडावा लागतो. नवरा दहा वर्षं परागंदा आणि कागद एकही नाही, अशा बायका मला भेटल्या आहेत. त्यांनी आधी पोलीस ठाण्यात किंवा पंचायतीत त्याची काहीतरी लेखी नोंद करून घ्यावी. आईबाप नसतील तर भाऊबहीण, रक्ताचे नातेवाईक, आणि कुणीच नसेल तर नोंदणीकृत संस्था पालक होऊ शकते.

मोठी भावंडं असतील तर त्यांचं "हरकत नाही" असं पत्र कुणी मागण्याआधीच जोडा. भावाला पत्ता नसताना आईने पालकत्व घेतलं आणि पुढे जमिनीवरून त्याने तेच उकरून काढलं, असं घडतं.

सगळ्या कागदांचे तीन संच करा. एक द्यायचा, एक आपला, आणि एक हरवणार आहे म्हणून.

सुनावणीला मुलाला न्यावं लागतं. आमच्या खानापुरातून बेळगाव तासाभराचं. अथणीकडून येणाऱ्यांचा मात्र अख्खा दिवस मोडतो, त्यांनी डबा, औषध आणि बदलायचे कपडे घेऊनच निघावं. मी माऊलीला आठ दिवस आधीपासून सांगत होते, की मोठ्या टेबलापलीकडे साहेब असतील, विचारतील ते सांग. साहेबांनी मराठीतच विचारलं, "तुला जेवायला कोण वाढतं?" मला वाटलं, आई म्हणेल. तो म्हणाला, "मी घेतो." ते खरंच आहे. वळलेल्या मुठीत पळी अडकवून तो भात घेतो, निम्मा सांडतो. मी पटकन म्हणणार होते, की नाही हो साहेब, मीच भरवते, म्हणजे अपंगत्व जास्त दिसेल. तसं म्हटलं नाही, ते बरं झालं. साहेबांनी वही मागून घेतली आणि ते तीन रकाने वाचले.

पत्र हातात आल्यावर

मंजुरीचं पत्र नमुना 'बी' मध्ये येतं. ते घेऊन पहिलं बँकेत जा. हे पत्र कोर्टाचं नाही म्हणून एखादा मॅनेजर परत पाठवायला बघतो. रिझर्व्ह बँकेने २००७ मध्येच बँकांना कळवलं आहे, की स्थानिक स्तर समितीने दिलेलं पालकत्वाचं पत्र खातं उघडण्या-चालवण्यासाठी ग्राह्य धरता येतं. तोंडी वाद घालू नका. नकार लेखी द्या म्हणा. लेखी नकार द्यायला कुणाचा हात उचलत नाही, हा माझा अनुभव.

दुसरं काम लोक विसरतात. नेमणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत मुलाच्या नावावर काय आहे आणि त्याचं देणं काय आहे याची यादी समितीला द्यायची असते. पुढे दरवर्षी ३१ मार्च उलटला की तीन महिन्यांत, म्हणजे जूनअखेर, हिशेब द्यायचा. मुलाच्या नावावर फक्त पगाराचं खातं असलं तरी द्यायचा. मी पासबुकाची झेरॉक्स आणि एक पान लावते: औषध एवढं, डायपर एवढे, थेरपी एवढी. पालकाने मुलाची हेळसांड केली, पैसा खाल्ला, तर नातेवाईक किंवा संस्था समितीकडे तक्रार करून त्याला काढायला लावू शकतात. तेव्हा हा हिशेब आपल्याच बचावाचा आहे.

नॅशनल ट्रस्टची निरामय विमा योजना याच चार गटांसाठी आहे, एक लाखापर्यंत. थेरपीचाही खर्च त्यात येतो. पालकत्वाचं पत्र नसलं तरी काढता येते, थांबू नका.

जे आपल्या हातात येत नाही

पालकत्व मिळालं म्हणजे मूल आपल्या मालकीचं झालं नाही. मुलाचं मत त्याचंच राहतं. कोर्टाने वेडसर जाहीर केल्याशिवाय मतदार यादीतून नाव काढता येत नाही आणि समिती म्हणजे कोर्ट नव्हे. मतदार नोंदणीचा नमुना ६ भरा. माऊली पहिल्यांदा मत देऊन आला तेव्हा शाईचं बोट तीन दिवस कुणाला धुऊ दिलं नाही त्याने.

मुलींच्या आयांशी थोडं स्पष्ट बोलते. पाळीचा त्रास नको, पुढे काही होऊ नये, म्हणून पिशवी काढून टाकायचा सल्ला आपल्याकडे अजून सहज दिला जातो, कधी डॉक्टरांकडूनही. २०१६ च्या कायद्याच्या दहाव्या कलमात आहे, की अपंग व्यक्तीच्या मोकळ्या आणि समजून दिलेल्या संमतीशिवाय तिला वंध्यत्व येईल असा उपचार करता येत नाही. २००९ मध्ये चंदीगडच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सौम्य बौद्धिक अपंगत्व असलेल्या तरुणीचा गर्भ तिच्या इच्छेविरुद्ध पाडू दिला नाही. पिशवी काढल्याने अत्याचार थांबत नाही, झालेला दिसत नाही एवढंच. पाळीचं शिकवता येतं. आमच्या ओळखीच्या एका मावशींनी लेकीला कॅलेंडरवर लाल टिकली लावायला शिकवलं. वर्ष लागलं, पण जमलं तिला.

आणि "लग्न करून टाका, सुधारेल" म्हणणाऱ्यांना चहा पाजून परत पाठवा.

उताऱ्यावरचं नाव

आपल्या भागात खरा घोळ इथे होतो. वडील वारले की वारसाच्या नोंदीच्या वेळी कुणीतरी काका म्हणतो, "त्याला काय कळतंय, त्याचं नाव कशाला उताऱ्यावर? विकताना अडचण." १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याचं अठ्ठाविसावं कलम सांगतं, की आजार, व्यंग किंवा विकृती यामुळे कुणाचाही वारसाहक्क जात नाही. नाव लागलंच पाहिजे. मूल सज्ञान असेल आणि त्याला समजत नसेल, तर त्याचा अंगठा घेऊन केलेलं हक्कसोडपत्र कोर्टात टिकत नाही. पालक म्हणून तुम्हीही ते करून देऊ नका. पालकत्वाचं पत्र म्हणजे जमीन विकायचा परवाना नव्हे. मुलाच्या हिश्श्याचा कुठलाही खरेदी-विक्रीचा कागद करण्याआधी वकील गाठा. इथे मात्र फी वाचवू नका.

आपलं स्वतःचं मृत्युपत्र आज करा. साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदार हवेत, ते हिस्सा मिळणाऱ्यांपैकी नसावेत. नोंदणी सक्तीची नाही, पण भाऊबंदकी बघता केलेली बरी. "सगळं थोरल्याला, तो धाकट्याला सांभाळेल" हे वाक्य मृत्युपत्रात लिहू नका. थोरला चांगला असेलही, त्याच्यानंतर काय? ऐपत असेल तर मुलाच्या नावाने खाजगी विश्वस्त निधी करा, विश्वस्त दोघे-तिघे नेमा, एक तरी घराबाहेरचा.

पगार आणि पेन्शन

राज्याच्या मासाशनाचा अर्ज नाडकचेरीत, म्हणजे होबळीच्या महसूल कचेरीत, होतो. आधी चालू असेल तर अठरानंतर खातं आणि आधार जोडणी नव्याने तपासा, पैसे बहुधा तिथेच अडकतात.

आमचे हे मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. बेळगाव-खानापुरात घरटी एक फौजी, म्हणून हे मुद्दाम लिहिते. इतर मुलांची फॅमिली पेन्शन पंचविसाव्या वर्षी थांबते. पण कमावू न शकणाऱ्या अपंग मुलाला आईबापांच्या माघारी ती जन्मभर मिळते. केंद्र सरकारच्या नागरी नोकरीतही असंच आहे. मात्र मुलाचं नाव आणि अपंगत्व पेन्शनच्या कागदावर आपण जिवंत असताना लागलं पाहिजे. आधी पार्ट-टू ऑर्डरमध्ये (फौजेतल्या घरच्या माणसांच्या नोंदीत) मुलाची नोंद आहे का ते रेकॉर्ड ऑफिसात बघा, मग अपंगत्वाचा दाखला देऊन पीपीओत, म्हणजे पेन्शनच्या आदेशात, नाव चढवा. आमच्या नोंदीत माऊलीची जन्मतारीख एक वर्षाने चुकली होती. हे जिवंत होते म्हणून सही करून ती दुरुस्त झाली.

पुढचा पालक

आम्ही दोघं पालक आहोत, दोघंही साठीच्या पुढे. पुढची पालक म्हणून माऊलीच्या ताईने तयारी दाखवली आहे. ती गडहिंग्लजला दिली आहे, म्हणजे महाराष्ट्रात. त्यामुळे काही गोष्टी तिला आत्ताच सांगून ठेवल्या. आमच्यानंतर तिने नवा अर्ज करायचा, पत्र आपोआप तिच्याकडे जात नाही. माऊली तिच्याकडे राहायला गेला तर इथला पगार बंद होईल, तिकडे संजय गांधी निराधार योजनेत अर्ज करावा लागेल आणि तिथे रहिवासाची अट आहे. फौजेची पेन्शन मात्र राज्य बदललं तरी तीच राहते. जावईबापूंना समोर बसवून हे बोललो. अवघड गेलं, पण न बोलता गृहीत धरणं तिच्यावर अन्याय झाला असता. दर मे महिन्यात माऊली आठ दिवस तिच्याकडे राहतो, आम्ही जात नाही.

तिच्याकडे एक वही दिली आहे. पहिलं पान औषधांचं. ते मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्हीत, कारण रात्री कुठल्या दवाखान्यात कुठल्या नर्सच्या हातात वही जाईल सांगता येत नाही. पुढे मराठीतच: कुकरच्या शिट्टीला घाबरतो, तिसऱ्या शिट्टीआधी त्याला बाहेर न्यायचं. दूध नुसतं पीत नाही, खारी बुडवून. पोट दुखलं तर डावा कान ओढतो. गणपतीत ताशा जवळ आला की आधी हसतो, मग फिट येते, म्हणून मिरवणूक गच्चीवरून दाखवायची. भात स्वतः घेतो, सांडला तरी घेऊ द्यायचा.